सभा धरणारा

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा गोरक्ष दाढी करत होता. आधी त्याला वाटलं, खालच्या मजल्यावरून येत असेल. इंद्रायणीची भाकरी करपत नसे. तिच्या बाकीच्या गोष्टींबद्दल त्याची मतं होती, पण भाकरीबद्दल नव्हती. पाहुण्यांपुढे तो ती भाकरी बोटावर उभी धरून दाखवायचा, जणू त्यानंच थापली आहे. म्हणून एका गालाला साबण तसाच ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात आला. इंद्रायणी ओट्यापाशी उभी होती. दोन्ही हात पिठाचे, तव्यावरून धूर, आणि मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलमधून मुरारीचा आवाज. 'आमची माय म्हणायची, मला भूक न्हाई बाबा, तू खा. महिना सरत आला की आमच्या मायची भूक मरायची बघा. बापाचा पगार झाला की पुन्हा जित्ती व्हायची. ह्ये कसलं दुखणं म्हणावं? कुण्या डॉक्टरला घावलं न्हाई. आन् देशाची अर्थव्यवस्था मोजणाऱ्या सायबांना तर त्याचं नावबी ठाऊक न्हाई!' मग टाळ्या. मग व्हिडिओ आपोआप पहिल्यापासून सुरू झाला आणि इंद्रायणीनं तो होऊ दिला.

"भाकरी," गोरक्ष म्हणाला.

ती दचकली. गॅस बंद करताना तिच्या हाताचं पीठ बटणाला लागलं. "ध्यानच न्हाई राह्यलं," ती म्हणाली.

"कुनी धाडलं हे?"

"पूनमनं. तिच्या कंपनीत समदी ऐकत्यात म्हनं."

समदी ऐकत्यात. म्हणजे पोटची मुलगीही त्यातच. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागल्यापासून पूनमनं बापाच्या एकाही भाषणाचा व्हिडिओ कुणाला पाठवल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि हा मुरारी तर विरोधी पक्षाचा वक्ता. इंद्रायणी दुसरी भाकरी थापायला लागली. तिचे कान लाल झाले होते. चुलीच्या धगीनंही होतात, तव्याच्याही होत असतील, पण गोरक्षला त्या क्षणी तव्याचा विश्वास वाटला नाही. जेवायला बसल्यावर त्यानं मुद्दाम ती करपलेलीच भाकरी मागून घेतली आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. हा सूड कुणावर होता कोण जाणे. तो कडवटपणा मात्र पहिली शिफ्ट संपेपर्यंत त्याच्या जिभेवर राहिला.

गोरक्ष भोसरीत गाड्यांचे पत्रे दाबून घडवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला होता, पण पंचक्रोशीत त्याची ओळख त्या कामानं नव्हती. तो सभा धरायचा. हे एक वेगळंच काम आहे, आणि ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना त्याची किंमत कळणार नाही. मोठा नेता कधीच वेळेवर येत नाही. पाचची सभा म्हणजे तो साडेसहाला येणार, आणि तोवर मैदानात जमवलेली माणसं खुर्च्यांवर बसून राहिली पाहिजेत. पहिली शिफ्ट सुटलेले कामगार, बचत गटाच्या बायका, चहाच्या आशेनं आलेले म्हातारे, यांना उठू द्यायचं नाही. त्यासाठी कुणीतरी बोलत राहावं लागतं, आणि असं बोलावं लागतं की माणूस उठता उठता पुन्हा बसेल. गोरक्ष तसं बोलायचा. घरात तो चाकणकडच्या आपल्या गावची भाषा बोलायचा, पण माईक हातात आला की कुठूनशी पुस्तकातली मराठी त्याच्या तोंडात येऊन बसायची. हिमालयापासून सागरापर्यंत. शेकडो बोली आणि एकच हृदय. सीमेवरचा जवान कोणत्या जातीचा, हे गोळी विचारत नाही. मग तो अर्थव्यवस्थेवर यायचा. आपला देश आज जगात कुठे आहे, उद्या कुठे असेल, आपल्या चाकणची गाडी कोणकोणत्या परदेशातल्या रस्त्यांवर धावते आहे. मग विरोधकांकडे वळायचा. त्यांना देश जोडायचा नाही, त्यांना खुर्चीचे पाय जोडायचे आहेत, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं आणि त्याला ठरलेला हशा होता. पलीकडच्या मैदानात विरोधकही हेच म्हणत, फक्त उलट्या बाजूनं. मांडववाला दोघांचा एकच होता, कर्णेही तेच. सकाळी एका रंगाचं कापड उतरायचं, संध्याकाळी दुसऱ्या रंगाचं चढायचं. मांडववाल्याच्या दृष्टीनं देश केव्हाच एक झालेला होता.

पण या भाषणाला शेवट होता, आणि तो आजवर कुणीही ऐकलेला नव्हता. सभा धरणाऱ्यानं कधी थांबायचं हे त्याच्या हातात नसतं. नेत्याच्या गाड्या मैदानाच्या तोंडाशी आल्या की मागून ज्योतीराम, पक्षाचा तालुका अध्यक्ष, त्याचा झब्बा ओढायचा. झब्बा ओढला की जो शब्द तोंडात असेल तो तिथेच सोडून 'येत आहेत, येत आहेत, आपले लाडके' असं ओरडायचं आणि बाजूला व्हायचं. गोरक्ष कधी जवानाच्या बंदुकीपाशी थांबला होता, कधी 'आपला देश आज' एवढ्यावर. आपण एखाद्या लग्नात अक्षता पडेपर्यंत ताशा वाजवणारे आहोत असं त्याला कधीकधी वाटायचं, आणि मग वाटायचं, असू दे, ताशाशिवाय लग्न लागतं का? तरी तो शेवट त्यानं जपून ठेवला होता. पाच बोटं आणि एक मूठ, असा तो शेवट होता. त्यात हात वर जायचा, आवाज खाली यायचा आणि मग एकदम मूठ मिटायची. न्हाणीघरात नळ सोडून तो त्याचा सराव करायचा. माणसानं आपल्याला एकदा तरी पूर्ण ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

आता या मुरारीला त्यानं पाहिलं होतं. लातूरकडून आलेला, गोरक्षहून दहाएक वर्षांनी लहान, भोसरीत एका खोलीत आठ जणांत झोपून दिवस काढलेला माणूस. भाषणात ना हिमालय, ना सागर. बसस्टॉपवर उभा राहून शेजारच्याशी बोलावं तसा बोलायचा, अधूनमधून नाक पुसायचा. गोरक्षनं पहिल्यांदा त्याला ऐकलं तेव्हा तो मनापासून हसला होता. याला सभा धरायला दिली तर लोक चहाचीही वाट न बघता घरी जातील, असं तो ज्योतीरामला म्हणालाही होता. आणि मग तो मायच्या भुकेचा व्हिडिओ निघाला. कंपनीच्या कँटीनमध्ये ताटं घेऊन उभ्या असलेल्या पोरांनी तो ऐकला. शेअर रिक्षात ऐकला. कंपनीच्या गेटवरचा सुरक्षारक्षक, जो गोरक्षला रोज नमस्कार करायचा, तो व्हिडिओ बघता बघता नमस्कार करायला विसरला. हे सगळं गोरक्षनं सोसलं असतं. राजकारणात माणूस जळतो, पुन्हा थंड होतो. पण ती भाकरी त्याच्या डोक्यातून जाईना. इंद्रायणी कशात एवढी हरवली होती? तिला त्याच्या बोलण्यात कधी हरवलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. सभेला ये म्हटलं की म्हणायची, 'मला घरातच ऐकू येतंय की सगळं, न्हानीतनं.' हे ती हसत म्हणायची, तोही हसायचा. आता त्याला तो हसण्याचा विषय वाटेना. रात्री तिच्या उशाशी ठेवलेल्या मोबाईलकडे तो पाहत पडायचा. त्या काळ्या काचेच्या आत तो माणूस बसलेला होता, नाक पुसत, आणि हिला काहीतरी सांगत होता जे आपल्याला सांगता येत नाही. परक्या बाप्याचा आवाज एखाद्या बाईच्या भाकरीपर्यंत पोचतो म्हणजे काय? याला काय म्हणायचं? याला नाव असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

आणि गंमत म्हणजे, भूक हा विषय तर त्याच्याही वाट्याला आला होता. गाड्यांचा धंदा बसला होता ते वर्ष. आधी आठवड्यातून दोन दिवस लाइन बंद, मग चार दिवस, मग कंत्राटी पोरं गेली आणि शेवटी गोरक्षलाही 'बोलावू तेव्हा या' असं सांगून घरी पाठवलं. पण गोरक्षच्या आठवणीत ते वर्ष वाईट नव्हतंच. उलट ते त्याचं भरभराटीचं वर्ष होतं. निवडणुका होत्या. शिफ्ट नव्हती, त्यामुळे एकही सभा चुकत नव्हती. आज चाकण, उद्या आळंदी रस्ता, परवा निगडी. घसा बसला, पुन्हा सुटला. 'मंदी कुठे आहे?' तो विचारायचा आणि हात कपाळाला लावून मैदानभर मंदी शोधायचा. 'मला तर दिसत नाही! मंदी आहे ती विरोधकांच्या डोक्यात!' लोक हसायचे. स्वतःची कंपनी बंद असलेला माणूस हे म्हणतो, यातच किती ताकद आहे, असं ज्योतीराम म्हणायचा. घरी यायचा तो दमून, भुकेनं कासावीस होऊन. इंद्रायणी ताट वाढायची आणि समोर बसून राहायची. तू? असं त्यानं विचारलं की म्हणायची, 'मी मघाशीच पूनमसंगं जेवले.' मग तो जेवता जेवता तिला सभेत कुठे टाळ्या पडल्या ते सांगायचा. तीही ऐकायची तेव्हा. त्या वर्षी ती बारीकही झाली होती आणि तिच्या त्या पोपटी साडीत ती लग्नातल्यासारखी दिसायची. तेव्हा ऐकायची, मग आता काय झालं, असं त्याला वाटायचं.

गुरुवारी ज्योतीराम घरी आला. संत तुकाराम नगरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात तो एवढ्या वर्षांत दोनदाच आला होता, दोन्ही वेळा काहीतरी गोड बोलायला. आजही त्यानं सोफ्यावर बसताच इंद्रायणीच्या चहाचं कौतुक केलं, तेव्हाच गोरक्षच्या लक्षात आलं की काहीतरी कडू येतंय.

"गोरक्षभाऊ, मुरारी आपल्यात येतोय. रविवारच्या सभेत पक्षप्रवेश. साहेब स्वतः उपरणं घालणार."

"कोन मुरारी?" गोरक्षनं विचारलं. आपल्या आवाजात हा प्रश्न इतका खरा कसा उमटला याचं त्यालाच नवल वाटलं.

"चेष्टा करता राव! मायच्या भुकेवाला. आता ते वाक्य बंद करायला लावलंय त्याला, वरनंच सांगितलंय. माणूस चांगलाय हो. देशाच्या एकीचं काम असलं की कुठनंबी माणूस आला तरी आपण छाती मोठी करायची. व्हय का न्हाई?"

"व्हय," गोरक्ष म्हणाला.

"तर रविवारी सभा तुम्हीच धरायची. पण साहेब यायच्या आधी माईक मुरारीच्या हातात द्यायचा, तुमच्या हातानं. लोकांना दिसलं पाहिजे. आणि पुढच्या सभा मग तो धरेल. तुम्ही आता ज्येष्ठ झालात. स्टेजवर बसायचं, मार्गदर्शन करायचं."

ज्येष्ठ. गोरक्षनं दाराकडे पाहिलं. इंद्रायणी कपबशा घ्यायला आली होती आणि तिथंच थबकली होती. ज्योतीराम गेल्यावर ती म्हणाली, "तो येनार हाय का रविवारी? त्यो मायवाला?" आणि मग, गोरक्ष काही म्हणायच्या आत, "मी पन येते सभेला." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. एवढंच बोलून ती कपबशा धुवायला गेली. आणि तो तिथे सोफ्यावर बसून राहिला, ज्येष्ठ.

रविवारी तिनं पोपटी साडी नेसली. तीच ती. गोरक्षनं विचारलं नाही, ही का. स्कूटरवर मागे बसताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच, पण तो हात नक्की कुणाकडे चाललाय हे त्याला कळेना. भोसरीच्या मैदानात मांडव भरत होता. बायकांच्या खुर्च्यांत पुढच्याच ओळीत ती जाऊन बसली. स्टेजवर मुरारी आधीच येऊन बसला होता. नवाकोरा पांढरा झब्बा, अंगाला न सरावलेला. गोरक्षला पाहून तो उठला आणि चक्क पायाला हात लावायला वाकला. "भाऊ, तुमचं ऐकून ऐकून शिकलो बघा म्या," तो म्हणाला. खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. पण माणूस खरं बोलत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि गोरक्षला त्याचा आणखीच राग आला. द्वेष करायला सोपा माणूस मिळणं हेही नशिबात असावं लागतं.

साहेब चाकणच्या चौकात अडकले होते. त्यात नवीन काही नव्हतं, त्या चौकात रुग्णवाहिकाही अडकते. ज्योतीराम कानाशी येऊन म्हणाला, "लांबणार. धरा." गोरक्षनं माईक घेतला. हिमालय झाला, सागर झाला. जवान झाला. गाड्या परदेशातल्या रस्त्यांवर धावल्या. खुर्चीचे पाय जोडून झाले, हशा आला, पण पातळ आला. अर्ध्या लोकांचं लक्ष मुरारीकडे होतं. पोरं मोबाईल उभे धरून त्याचंच चित्रीकरण करत होती, आणि तो बापडा मान खाली घालून बसला होता. गोरक्षनं मागे झब्ब्याकडे लक्ष ठेवलं. कुणी ओढत नव्हतं. तो आणखी पुढे गेला, जिथे तो कधीच आला नव्हता. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण शेवटापाशी पोचलोय. त्यानं हात वर केला. आवाज खाली आणला. पाच बोटं वेगळी असतात तेव्हा कुणीही मोडतो. पण हीच बोटं एकत्र आली की. त्यानं मूठ मिटली. मैदानात कुणीतरी शिंकलं. स्टेजवरच्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या ऐकून खाली दोनचार वाजल्या. एवढंच. इतकी वर्षं नळाखाली जपलेली ती मूठ हवेत राहिली आणि तिचं काय करायचं हे त्याला कळेना. मागच्या खुर्च्यांतून कुणी पोरगा ओरडला, "मुरारीभाऊंना द्या!" आणि मग चारसहा आवाज, "मुरारी! मुरारी!" गोरक्षनं इंद्रायणीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती स्टेजच्या त्या टोकाकडे पाहत होती, मान किंचित वाकडी करून, ओट्यापाशी उभी होती तशीच.

त्यानं काही ठरवलं नव्हतं. सभा धरणाऱ्याचा एकच धर्म, माईक सुटू द्यायचा नाही. माणसं उठायला लागली की त्यांना ऐकू येईल असं काहीतरी बोलायचं. आणि त्याच्या डोक्यात गेले दोन आठवडे एकच गोष्ट वाजत होती.

"थांबा!" तो म्हणाला. "मी तुम्हाला एका दुखण्याबद्दल सांगतो."

मैदान शांत झालं. मुरारीनं मान वर केली. पुढचा शब्द 'माय' होता, आणि तो गोरक्षच्या ओठांवर येऊन थांबला. समोर गावाकडची माणसं बसली होती. गवराबाईला, त्याच्या आईला, ती सगळी ओळखत होती. दावणीला म्हशी, घरात ताकाचे हंडे, आणि गवराबाई अंगानं अशी की तिच्यासाठी बैलगाडी वेगळी जुंपायची. भुकेची गोष्ट तिच्या नावावर खपली नसती. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच्या मनात झालं, वक्त्याचं होतं तसं, आणि त्यानं माय काढून तिथे दुसरं माणूस बसवलं.

"माझी बायको," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडातली पुस्तकातली मराठी कुठे गेली कोण जाणे. "माझी बायको म्हनायची, मला भूक न्हाई, तुमी जेवा. महिना सरत आला की तिची भूक मरायची. पगार झाला की परत जिती व्हायची. माझी कंपनी बंद पडली तवा तर ती भूक मेलीच. हे दुखनं कुन्या डॉक्टरला घावलं न्हाई. आन् देशाची अर्थव्यवस्था मोजनाऱ्यांना तर त्याचं नावबी ठाऊक न्हाई!"

मग टाळ्या पडल्या. अशा टाळ्या गोरक्षनं आयुष्यात फक्त दुसऱ्यांसाठी ऐकल्या होत्या. बायकांच्या बाजूनं त्या उठल्या आणि मागच्या कनातीपर्यंत गेल्या. कामगार उभे राहिले, शिट्ट्या झाल्या. मागून झब्बा ओढला गेला, असा की काखेत शिवण उसवली. ज्योतीरामचा चेहरा पांढरा पडला होता. "सरकार आपलंय! आपल्याच स्टेजवरनं?" तो दात न उघडता म्हणाला, आणि माईक काढून घेऊन त्यानं तो मुरारीच्या हातात कोंबला. मुरारी क्षणभर त्या माईककडे पाहत राहिला, मग गोरक्षकडे. त्यानं नाक पुसलं. "गोरक्षभाऊंनी लई खरं सांगितलं बघा," तो म्हणाला. "बायाबापड्यांची भूक मरायची ती कवा? त्यांच्याच राज्यात की, ज्यांना म्या आज सोडून आलो! म्हणून तर सोडून आलो. आता घरातली बाई पोटभर जेवती, म्हणून तर देश एक हाय!" लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. कोणत्या वर्षी कुणाचं राज्य होतं हे कुणी बोटांवर मोजत बसलं नाही. गाड्यांचे भोंगे वाजले, साहेब आले, हार झाले, मुरारीच्या गळ्यात उपरणं पडलं. गोरक्ष स्टेजच्या कडेला, कर्ण्याच्या मागे उभा होता. आपली सभा आज गेली, कायमची गेली, हे त्याला कळलं होतं, आणि तरी त्याला वाईट वाटत नव्हतं. कारण त्यानं पाहिलं होतं. मुरारी बोलत होता तेव्हा इंद्रायणी मुरारीकडे पाहत नव्हती. साहेब आले तेव्हा साहेबांकडेही नाही. पोपटी साडीचा पदर तोंडाशी धरून ती फक्त त्याच्याकडे पाहत होती, आणि तिचे डोळे भरलेले होते. जिंकलो, असं त्याच्या मनात आलं. उघडउघड, लहान पोरासारखं आलं.

परत जाताना ती स्कूटरवर मागे बसली. खांद्यावरचा हात मात्र या वेळी नुसता ठेवलेला नव्हता, त्या हातानं खांदा घट्ट धरला होता, आणि या वेळी तो कुणाकडे चाललाय याबद्दल गोरक्षला शंका नव्हती. घरी आल्यावर तिनं साडी बदलली नाही. तशीच ओट्यापाशी गेली, सकाळची भाजी गरम केली, भाकरी थापली. गोरक्ष पाटावर मांडी घालून बसला. काखेत उसवलेल्या झब्ब्यातून वारा येत होता. घरात मोबाईल कुठेच वाजत नव्हता.

"तुमाला म्हाईत व्हतं?" तिनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"काय?"

"त्या वर्षीचं. कंपनी बंद व्हती तवाचं." ती वळली. "त्या मुरारीचं ऐकलं आन् मला वाटलं, ह्या परक्या मानसाला कसं कळलं माझं? दर येळी ऐकलं की त्येच वाटायचं. घरातल्याला न्हाई कळलं, आन् ह्याला कसं कळलं. आन् आज तुमी सगळ्यांम्होरं माझंच नाव घेतलं."

मी मघाशीच जेवले. पूनमसंगं जेवले. ती समोर बसून राहायची, त्याच्या टाळ्या ऐकत. पोपटी साडी, तिच्यात लग्नातल्यासारखी दिसणारी ती. हात कपाळाला लावून मैदानभर मंदी शोधणारा तो. हे सगळं तो आत्ता पहिल्यांदा पाहत होता, या क्षणी, या पाटावर बसून. आणि इंद्रायणी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहत होती तशी ती कधी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. न्हाई, मला म्हाईत नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ते वाक्य पुन्हा मुरारीचं होणार होतं. त्याच्याबरोबर ही नजरही जाणार होती, त्या काळ्या काचेच्या आत, त्या नाक पुसणाऱ्या माणसाकडे.

"व्हय," तो म्हणाला. "म्हाईत व्हतं मला."

"समदं?"

"समदं. बोललो न्हाई कधी, एवढंच."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग तिनं ताट वाढलं, भाकरी ठेवली, मिठाचा डबा उघडून कडेला चिमूटभर मीठ ठेवलं आणि ताट त्याच्यासमोर सरकवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं विचारावं तसं तिनं विचारलं, "मग तुमी जेवत कसं व्हता वो?"

गोरक्षनं तोंड उघडलं. झब्बा ओढायला मागे कुणी नव्हतं.

"जेवा," इंद्रायणी म्हणाली. "मला भूक न्हाई."

आणि ती आतल्या खोलीत गेली. ताटात भाकरी होती, फुगलेली, कुठेही न करपलेली.